पोटरी दोरीच्या वर असते

माझं बूड एका जागी टिकत नाही, हे बायकोचं जुनं म्हणणं. जेवताना मी दोनदा उठतो, फोनवर बोलताना अंगणभर फिरतो, आणि कुणाकडे चहाला गेलो तर कप हातात येण्याआधी चप्पल पायात असते. पण त्या फेब्रुवारीत मी जितक्या येरझाऱ्या घातल्या तितक्या आयुष्यात कधी घातल्या नसतील. कारण दवाखान्याच्या मागच्या खोलीत निळ्या प्लास्टिकच्या ड्रममध्ये एक पाय होता. इमूचा. फॉर्मॅलिनमध्ये बुडवलेला. तो बाहेर काढायचा आणि कापून बघायचा, एवढंच काम होतं, आणि मी आठ दिवस ते सोडून बाकी सगळी कामं करत होतो.

मी जनावरांचा सरकारी डॉक्टर. सेनगाव तालुक्यात, गोरेगावच्या बाजूला माझी नोकरी. गाई, म्हशी, बैल, शेळ्या हा रोजचा कारभार. पक्षी म्हणजे कोंबडी, आणि कोंबडी आजारी पडली तर लोक डॉक्टरला बोलावत नाहीत, सरळ चुलीवर चढवतात. त्यामुळे एका तांड्यावर इमू आहे हे कळलं तेव्हा मला हसू आलं होतं. मध्यंतरी आपल्याकडे इमू पाळायची लाट आली होती. लाट ओसरली, पक्षी मागे राहिले. या घरात जोडी आणली होती, त्यातली मादी मेली, नर राहिला. घरची सून त्याला सांभाळायची. तिचा नवरा गोरेगाव-सेनगाव जीप चालवायचा, त्यामुळे दिवसभर तो रस्त्यावरच. पक्ष्याचा तसा कुणाला काडीचा उपयोग नव्हता. ती त्याला मेथीची देठं, भाकरीचे तुकडे घालायची आणि तो लांब पाय टाकत तिच्यामागे अंगणभर हिंडायचा. मला वाटतं तिला त्याचं तेवढंच पुरत असावं.

गावात सगळे त्याला शहामृग म्हणत आणि मला ते ऐकवत नसे. शहामृगाला दोन बोटं असतात, ह्याला तीन आहेत, असं मी एकदा तावातावाने सांगितलं. त्यावर तिचा सासरा शांतपणे म्हणाला, "दोन असू का तीन असू साहेब, लाथ बसल्यावर मोजाया कोण थांबतंय?"

हा म्हातारा माझा आवडता माणूस होता. तांड्यावरच्या त्यांच्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या बैलांच्या पाठीवर माल वाहिला. आता सगळे शेती करतात, पण जनावर कसं धरायचं ते त्याच्या हातांत उतरलेलं होतं. मारका बैल तो एकटा, एका दोरीने, न ओरडता आडवा पाडायचा. घरची आणि शेजाऱ्यांची मिळून पन्नासेक ढोरं तोच रोज सकाळी चारायला न्यायचा. मी तांड्यावर गेलो की कुठलंही जनावर धरायला तोच पुढे येई, आणि त्याने धरलेल्या जनावराने मला कधी शिंग लावलं नाही की लाथ मारली नाही.

जानेवारीत एका सकाळी सुनेचा फोन आला. कुत्री मागे लागली होती, पक्षी तारेच्या कुंपणात घुसला आणि छाती फाटली. मी गेलो. इमूला धरायचं तर आधी त्याचे डोळे झाकावे लागतात. तिने नवऱ्याच्या जुन्या स्वेटरची बाही कापून त्याच्या डोक्यावर चढवली तसा तो शहाण्यासारखा उभा राहिला. म्हाताऱ्याने मागून पंख धरले. मी जखम धुतली, टाके घातले. सगळं कसं झकास झालं. मग अँटिबायोटिकची सुई राहिली.

इथे मला जरा थांबून सांगायला हवं, कारण पुढचं सगळं या एका क्षणातून आलं. गाईम्हशींना सुई द्यायची आमची एक पद्धत आहे. पुठ्ठ्यावर, म्हणजे ढुंगणाच्या मांसल भागावर, बंद मुठीने दोन ठोके मारायचे, आणि तिसऱ्या ठोक्याबरोबर सुई आत. जनावराला तिसराही ठोकाच वाटतो, ते हलत नाही. वर्षानुवर्षं रोज केलेली गोष्ट, हात आपोआप चालतो. कोंबडीला सुई छातीत देतात, पण इमूच्या छातीवर मांसच नसतं, उलट्या घमेल्यासारखं सपाट हाड असतं. मांस सगळं मांडीत. म्हणून मी मांडीकडे वळलो. म्हशीसाठी वापरतो तीच जाड सुई हातात होती. उजव्या मांडीच्या मागच्या बाजूला, मधोमध, ठक, ठक, आणि तिसरी आत.

पक्षी झटक्यात खाली कोसळला. पाय झाडायला लागला. म्हाताऱ्याने क्षणात खांद्यावरची दोरी काढली, दोन्ही पाय घोट्यापाशी एकत्र घेतले आणि बैलाला बांधतात तसा फास आवळला. पक्षी निपचित झाला. मी औषध पूर्ण सोडलं, सुई काढली. दोन-तीन मिनिटांत त्याने दोरी सोडली. मी म्हणालो, "घाबरलंय, बसू द्या जरा." आणि निघालो. दुसऱ्या गावाहून फोन येत होता. पक्षी उभा राहतो की नाही हे बघायलाही मी थांबलो नाही, मी कधी कुठे थांबतो?

तिसऱ्या दिवशी परत बोलावणं आलं. पक्षी बसलेलाच होता. उजवा पाय एका बाजूला पडलेला, बोटं मागे मुडपलेली. सून रडवेली झाली होती.

"मामांनी दोरी लई आवळली साहेब. बैल हाय का ते? दोरीनंच पाय गेला न्हाई का?"

म्हातारा गोठ्याच्या खांबाला टेकून उभा होता. मी पाय हातात घेतला. घोट्यावर दोरीचा वळ दिसत होता, उजवीकडे गाठ आली होती तिथे कातडी जरा सोलपटली होती.

मी म्हणालो, "असेल. दोरीने होतं असं."

म्हाताऱ्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मग जमिनीकडे. मला वाटलं, शरमला बिचारा. मी त्याला समजावायलाही गेलो, की होतं बाबा असं, तुम्ही काय मुद्दाम केलं नाही. आज ते आठवलं की माझे कान गरम होतात.

आठवड्याने टाके काढायला गेलो तेव्हा म्हातारा देवळाच्या ओट्यावर बसलेला दिसला. सकाळचे नऊ वाजले होते, एरवी या वेळी तो ढोरं घेऊन माळावर असायचा. सुनेला विचारलं तर म्हणाली, "आता ढोरं आमचे मालक सोडून येतात अन मंग जीप काढतात. मामाच्या हातात दावं देत न्हाई आमी. शेजारच्यांनीबी आपापली ढोरं काढून घेतली. हाताचा अंदाज गेला म्हणतात म्हाताऱ्याचा." ती त्याला जेवायला वाढत होती, पण बोलत नव्हती. तो ओट्यावर दोन्ही तळवे मांडीवर पालथे ठेवून बसला होता, आणि त्या हातांना काय करावं हे कळत नसल्यासारखा मधूनमधून ते उलटे करून बघत होता.

त्याच दिवशी परतताना पुसेगावच्या अलीकडे, कापसाच्या ट्रॅक्टरमागे मोटारसायकल हळू केली असताना, माझ्या डोक्यात ते आलं. कसं आलं सांगता येत नाही. टाके काढताना मी पक्ष्याला उभं करून बघितलं होतं आणि त्याची पोटरी हाताला लागली होती. ढिली, लोण्यासारखी.

आपल्याला लांब पायाच्या पक्ष्याचा जो मागे वळलेला गुडघा वाटतो तो गुडघा नसतोच. तो घोटा. खरा गुडघा वर, पोटाजवळ, पिसांत लपलेला असतो. म्हणजे म्हाताऱ्याने दोरी बांधली ती घोट्याला, आणि पोटरी त्या दोरीच्या वर. पोटरीला चालवणाऱ्या नसा गुडघ्याच्या मागूनच फुटतात. खाली दोरी कितीही आवळा, फार तर बोटं लुळी पडतील. पोटरी मरणार नाही. पोटरी मेली आहे म्हणजे नस वर कुठेतरी तुटली आहे, आणि वर फक्त माझी सुई गेली होती.

मी गाडी बाजूला लावली आणि रस्त्याकडेला उभा राहिलो. मग स्वतःशीच वाद घालायला लागलो. दहा दिवस बसून राहिलेल्या पक्ष्याची पोटरी सुकणारच की. शिवाय गाठ रुतली होती. पण दोरी दोन्ही पायांना होती, मग गेला एकच का? गाठ उजवीकडे होती म्हणून. असं मी घरापर्यंत, जेवताना, आणि पुढचे कितीतरी दिवस करत राहिलो. बायको म्हणाली, "कुणाशी भांडताय?" मी म्हणालो, कुणाशी नाही. तेही खोटंच होतं.

कॉलेजात आम्ही म्हैस पूर्ण फाडली होती, सगळ्या नसा दोऱ्यांनी बांधून, चिठ्ठ्या लावून. पक्ष्याच्या वाट्याला एक कोंबडी आणि एक तास आला होता. त्या तासाला मी होतो का, हेही आठवेना. कपाटातून जुनं पुस्तक काढलं, मोबाइलवर चित्रं शोधली. माणसांना सायटिका होते ती ज्या नसेमुळे, तीच मोठी नस पक्ष्यातही असते. कमरेच्या हाडातून बाहेर पडते आणि मांडीच्या मागच्या बाजूने, स्नायूंच्या खालून सरळ गुडघ्याकडे उतरते. मी सुई टोचली होती ती बरोबर तिच्या वाटेवर.

पक्षी तीन आठवडे टिकला. सुनेने गोणपाटाची झोळी करून त्याला झाडाला टांगलं होतं, रोज पाय चोळत होती. फेब्रुवारीच्या सुरुवातीला सकाळी फोन आला की गेला. मी गेलो आणि विचारलं, उजवा पाय तपासायला नेऊ का? तिने पक्ष्याच्या अंगावरचं गोणपाट नीट ओढलं. मग म्हणाली, "न्या. पर काय सापडल ते बराबर येऊन सांगा. लपवू नका." बाकीचा पक्षी त्यांनी शेताच्या बांधावर पुरला. मी खुब्यापासून पाय सोडवला, पोत्यात गुंडाळला आणि गाडीला बांधून आणला.

बायकोला सांगितलं तेव्हा तिने दोन प्रश्न विचारले. पहिला, घरात तर आणला नाही ना? दुसरा, इतकं वजन उचलून आणलंय तर मग बघत का नाही? पहिल्याचं उत्तर मला देता आलं.

शेवटी एका रविवारी, दवाखान्यात कुणी नसताना, मी तो पाय टेबलावर ठेवला. जवळजवळ माझ्या कमरेइतका लांब. फॉर्मॅलिनने डोळ्यांतून पाणी येत होतं, खिडक्या उघड्या टाकल्या तरी. आधी खाली गेलो. मुद्दाम. घोट्याची कातडी सोलली, दोरीच्या वळाखाली. मला तिथे काहीतरी सापडायला हवं होतं, हे कबूल करतो. रक्त साकळलेलं, नस चेपलेली, काहीही. एका म्हाताऱ्याचं पुढचं सगळं आयुष्य ओट्यावर जावं असं मला वाटत होतं का? तसं कुणी विचारलं असतं तर मी चिडलो असतो. पण हात मात्र तेच शोधत होता. घोट्यासमोरची बारीक नस पांढरीशुभ्र निघाली, एक डाग नाही.

मग वर सरकत गेलो. गुडघ्यापाशी एक नवलाची गोष्ट भेटली. तिथे स्नायूला हाडाशी बांधणारी एक कंडरा त्या नसेसाठी एक कडं करून ठेवते, आणि नस त्या कड्यातून ओवल्यासारखी बाहेर जाते. पाय कितीही जोरात पळू दे, नस जागची हलत नाही. इतका बंदोबस्त. मी खुर्ची ओढून घेतली आणि बराच वेळ ते कडं चिमट्याने वर-खाली करत बसलो. मला खरंच ते फार आवडलं, आणि पुढे जायचंही टळत होतं.

मांडीचा मोठा स्नायू कापून बाजूला केला तेव्हा ती दिसली. करंगळीएवढी जाड. खाली जाऊन तिच्या दोन शाखा होतात, एक पोटरीकडे, दुसरी त्या कड्यातून पुढच्या बाजूला. पण मांडीत दोन्ही एकाच वेष्टनात शेजारी शेजारी असतात. आणि बरोबर मधोमध, जिथे माझी मूठ दोनदा पडली होती तिथे, ती फुगून तपकिरी झाली होती. बोटाने दाबलं तर कडक. वर पांढरी, खाली पांढरी, मध्ये दोन बोटांचा तो तुकडा. चिरला तर आत काळं रक्त गोठलेलं. सुई तिच्या बाजूने गेली नव्हती, तिच्या आत शिरली होती, आणि मी आतच औषध सोडलं होतं.

मी हात धुतले, बाहेर आलो, गाडी सुरू केली, बंद केली, परत आत गेलो. तो तुकडा तसाच होता.

पुढचे दोन दिवस मी काय करत होतो ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मी एक चांगली थाप शोधत होतो. आणि सापडलीही. पक्ष्यात या नसेची मुळं मूत्रपिंडातून जातात, अक्षरशः त्याच्या गाभ्यातून. मूत्रपिंड सुजलं तर नस चेपते आणि पाय लुळा पडतो. हे पुस्तकात आहे. मूत्रपिंड तर मी आणलंच नव्हतं, ते बांधावर पुरलेलं. म्हणजे कुणी तपासायचा प्रश्न नाही. आजारच होता म्हणायचं. म्हातारा सुटला, मीही सुटलो, सुनेचंही समाधान. मी हे बायकोला सांगितलं, जरा कौतुकाच्या अपेक्षेनेच. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "छान आहे. फक्त तिने बरोबर सांगा म्हटलं होतं."

तिसऱ्या दिवशी मी तांड्यावर गेलो. हळदीचे दिवस. शिजवलेली हळद अंगणात पसरायचं काम चाललं होतं, सुनेचे हात कोपरापर्यंत पिवळे. म्हातारा सावलीला बाजेवर होता. गाडीवरून उतरल्या उतरल्याच मी बोलायला सुरुवात केली, कारण बसलो असतो तर मूत्रपिंड तोंडात आलं असतं.

"दोरीने काही झालं नाही. दोरीखाली नस चांगली होती. माझी सुई नसेत गेली, मांडीत. पाय माझ्यामुळे गेला. आणि मी दोरीचं म्हणालो तेव्हा नीट बघितलंच नव्हतं."

तिने हातातली हळद खाली टाकली. मग सासऱ्याकडे वळून त्यांच्या बोलीत काहीतरी भराभर विचारलं. तो हळूहळू उत्तर देत होता. मला एवढंच कळलं की ती पुन्हा पुन्हा तेच विचारते आहे. मग ती माझ्याकडे वळली, मराठीत, आणि आवाज चढलेला.

"ह्यांना म्हाईत व्हतं म्हणे! सुई घुसली तवाच पाय सुटला, मंग पाखरू पडलं, अन मंग ह्यांनी दोरी टाकली. समदं डोळ्यांनी बघितलं. अन महिनाभर तोंडातून शब्द न्हाई. काहून? मी ह्यांना ताट सरकवून राहिले व्हते साहेब, कुत्र्याला सरकवावं तसं. तुमी दोघांनी मला पाप लावलं!"

मी म्हाताऱ्याजवळ गेलो. आयुष्यात क्वचितच मी कुणाच्या बाजेवर आपण होऊन बसलो असेन. त्या दिवशी बसलो. विचारलं, "बाबा, का नाही बोललात?"

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुमच्या आधी एक साहेब व्हते. त्यांची चूक झाली एकदा, तांड्यानं तोंडावर बोलून दाखवली. त्यांनी तांड्यावर पाय ठेवणं सोडलं. पुढं माही गाय आडली, दिवसभर फोन लावला, आले न्हाईत. वासरूबी गेलं, गायबी गेली." मग म्हणाला, "तुमी दोरी म्हणलात. मी म्हणलं, दोरी तर दोरी. पन्नास ढोरं हायत साहेब. माहं काय, मी बसलो ओट्यावर."

मला उठावंसं वाटत होतं आणि उठता येत नव्हतं. मी तसा नाही, असं त्याला सांगायला मी तोंड उघडलं, आणि त्या सकाळी पाय हातात घेऊन मी ज्या चटकन 'असेल' म्हणालो होतो ते आठवून मिटलं. त्याने मला बरोबर ओळखलं होतं. तसाच होतो मी.

सून पदराने डोळे पुसत म्हणाली, "उद्यापासून ढोरं तुमीच न्या मामा." मग माझ्याकडे बघून, अजून रागातच, "अन तुमी? येणार हाव का न्हाई इथून पुढं?"

म्हाताऱ्याने पहिल्यांदा मान वर केली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

"येईन," मी म्हणालो. त्या एका शब्दासाठी तो महिनाभर ओट्यावर बसला होता.